पोस्टाच्या खिडकीत दोन बँका

२०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या गावागावांत बायका एकमेकींना एकच प्रश्न विचारत होत्या : आधार कुठल्या बँकेला लिंक आहे? ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना नुकतीच जाहीर झाली होती. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळणार होते. मात्र ते ना रोख मिळणार होते, ना चेकने. बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच ते जमा होणार होते.

या अटीने अनेकींना कोड्यात टाकलं. अशा योजनांचे पैसे पाठवताना खातेक्रमांक पाहिला जात नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीत त्या आधार क्रमांकापुढे ज्या बँकेचं नाव सगळ्यात शेवटी चढलेलं असेल, त्या बँकेकडे पैसे जातात. त्यामुळे अर्जावर लिहिलेलं खातं एक आणि पैसे जमा झाले भलत्याच खात्यात, असं झालं. २०१४ च्या जनधन मोहिमेत कधीतरी उघडलेलं, पासबुक कुठे ठेवलं ते आठवत नाही, मोबाइल नंबर केव्हाच बदललेला, अशा खात्यात पहिला हप्ता जाऊन बसला. काहींच्या नावावर खातंच नव्हतं. यातल्या पुष्कळ बायकांनी पोस्टाची वाट धरली. आधार कार्ड, मोबाइल आणि अंगठा एवढ्यावर तिथे खातं उघडत होतं, शिल्लक शून्य असली तरी चालत होती आणि आधारची जोडणीही त्याच बैठकीत होत होती.

जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातून पाहिलं, तर ही वाट साहजिक वाटते. परतूर हे परभणी-जालना लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव, पिनकोड ४३१५०१. आष्टी, वाटूर, सातोना यांसारख्या मोठ्या गावांना बाजारपेठ आहे, पण वाड्यावस्त्यांवरच्या माणसाला बँकेत जायचं म्हणजे दिवस मोडायचा. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं किंवा काळीपिवळीचं भाडं. हजार-पंधराशे रुपये काढायला एवढा खर्च परवडत नाही. शाखा डाकघर मात्र गावात, नाहीतर शेजारच्या गावात असतं. देशात एक लाख ६० हजारांहून अधिक डाकघरं आहेत आणि दर दहांतली सुमारे नऊ खेड्यांत आहेत. एवढं जाळं कुठल्याच बँकेला उभारता आलेलं नाही.

जाळं असलं म्हणजे बँक झाली, असं मात्र होत नाही. पोस्टाने कुणाचे पैसे घ्यावेत, किती घ्यावेत, ते कुठे गुंतवावेत, कुणाला किती परत द्यावेत आणि काय अजिबात करू नये, हे सगळं नियमांनी बांधलेलं आहे. गावातल्या बाईला पोस्ट किती उपयोगी पडेल, हे पोस्टमनच्या सायकलीपेक्षा दिल्ली-मुंबईतल्या या नियमांवर जास्त अवलंबून असतं. आणि या नियमांनी एक विलक्षण रचना तयार केली आहे. पोस्टाच्या एकाच खिडकीमागे दोन बँका बसलेल्या आहेत. माणूस तोच, टेबल तेच, पण दोघींचे कायदे वेगळे आणि देखरेख करणारेही वेगळे.

पहिली बँक जुनी. १८७३ साली सरकारी बचत बँकांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १८८२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात पोस्टाची बचत बँक सुरू झाली. परतूर तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतं. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि संस्थानाचं टपाल खातं स्वतंत्र होतं. त्याची स्वतःची तिकिटं होती आणि त्यांवर फारसी, इंग्रजी, तेलुगूबरोबर मराठी अक्षरंही छापली जात. चलनही वेगळं होतं, हाली सिक्का. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास या भागातून गेली आणि टपालाला वेग आला. पण मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याच्या आणि इथल्या शेतकऱ्याच्या बचतीमध्ये संस्थानाची सीमा उभी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि १ एप्रिल १९५० ला त्याचं टपाल खातं भारतीय टपाल खात्यात विलीन झालं. त्यानंतर १८७३ चा कायदा खऱ्या अर्थाने या मुलखाचा झाला. परतूर पुढे परभणी जिल्ह्यात राहिलं आणि १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा जालन्यात आलं.

हा जुना कायदा आजही चालू आहे. २०१८ मध्ये त्यात राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांचा आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा म्हणजे पीपीएफचा कायदा मिसळला आणि त्याला ‘सरकारी बचत प्रोत्साहन कायदा’ असं नाव मिळालं. बचत खातं, आरडी, मासिक उत्पन्न योजना, सुकन्या समृद्धी, ज्येष्ठ नागरिकांची योजना या सगळ्यांचं मूळ त्यात आहे. या बँकेवर रिझर्व्ह बँकेची सत्ता नाही. बँकिंग नियमन कायदा तिला लागू नाही. व्याजदर अर्थमंत्रालय ठरवतं, टपाल विभाग मंत्रालयाच्या वतीने खाती चालवतो आणि त्या कामाचा मोबदला घेतो. गावातला पोस्टमास्तर हा अशा प्रकारे अर्थमंत्र्यांचा अडत्या आहे.

या व्यवस्थेची मोठी ताकद तिच्या हमीत आहे. पोस्टात ठेवलेल्या पैशांमागे थेट केंद्र सरकार उभं असतं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पण तो पाच लाखांपर्यंतचा. पोस्टाच्या ठेवीला अशी मर्यादा नाही. मराठवाड्यात या फरकाची किंमत लोकांनी अलीकडेच मोजली आहे. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये हजारो ठेवीदारांचे पैसे २०२३ पासून अडकले. मल्टिस्टेट पतसंस्था या रिझर्व्ह बँकेच्या बँकिंग परवान्याखाली येत नाहीत. त्यांची नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे असते आणि त्यांतल्या ठेवींना ठेवविम्याचं संरक्षण नसतं. पाटीवर ‘बँक’ शब्द नसला तरी काचेचा दरवाजा, संगणक, गणवेशातला शिपाई आणि वर दोन-तीन टक्के जास्त व्याज पाहून माणूस फसतो. पोस्टाचं कार्यालय पाहायला साधं, व्याज बेताचं, पण मुद्दल बुडाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. बचत कुठल्या कायद्याखाली ठेवली आहे, हा प्रश्न गरिबाने श्रीमंतापेक्षा आधी विचारायला हवा आणि तो विचारायला त्याला कुणी शिकवत नाही, ही फार खेदाची गोष्ट आहे.

या जुन्या कायद्यात माणुसकीच्याही काही तरतुदी आहेत. दहा वर्षांचं मूल स्वतःच्या सहीने खातं चालवू शकतं. खातेदार वारला आणि वारस नेमलेला नसला, तरी पाच लाखांपर्यंतची रक्कम वारसा प्रमाणपत्राशिवाय, ठरावीक कागदपत्रांवर मिळू शकते. कोर्टाचा खर्च आणि हेलपाटे ज्याने पाहिलेत, त्याला या सवलतीचं मोल सांगावं लागत नाही.

पण याच कायद्याने दारही अरुंद केलं. डिसेंबर २०१९ मध्ये बचत खात्याची किमान शिल्लक ५० रुपयांवरून ५०० रुपयांवर गेली. वर्षअखेरीस तेवढी शिल्लक नसेल तर शुल्क कापायचं आणि शिल्लक शून्य झाली की खातं आपोआप बंद करायचं, असा नियम झाला. शहरातल्या नोकरदाराला यात काही वाटणार नाही. पण उन्हाळ्यात काम नसताना खातं रिकामं करणाऱ्या मजुराचं खातं अशाच नियमाने हातचं जातं. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने चूक थोडी सुधारली. शुल्क शंभरावरून पन्नासावर आणलं आणि सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांसाठी शून्य शिलकीचं मूलभूत खातं सुरू केलं. दोन ओळींच्या अधिसूचनेने लाखो माणसं आत येतात किंवा बाहेर जातात, त्याचं हे उदाहरण.

जमा झालेला पैसा जातो कुठे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. परतूरच्या खिडकीत भरलेली आरडी परतुरात राहत नाही. १९९९ पासून देशभरातली अल्पबचत राष्ट्रीय अल्पबचत निधीत जाते. पूर्वी या निधीतला मोठा हिस्सा ज्या राज्यात बचत जमली, त्या राज्याला कर्जरूपाने मिळत असे. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयं अल्पबचतीची उद्दिष्टं ठरवत, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बायका घरोघर फिरून आरडीचे हप्ते गोळा करत आणि राज्य सरकारला त्यात रस असे. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर एप्रिल २०१६ पासून महाराष्ट्रासह बहुतेक राज्यं या व्यवस्थेतून बाहेर पडली. राज्यांना बाजारातून स्वस्तात कर्ज मिळत होतं, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण त्यामुळे जालना जिल्ह्यात गोळा होणाऱ्या पोस्टाच्या बचतीशी राज्य सरकारचा थेट संबंध जवळपास संपला. पैसा दिल्लीच्या तिजोरीत जातो आणि केंद्राची गरज भागवतो.

दुसरी बँक नवी, आणि तिच्या जन्माची गोष्ट जास्त रंजक आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या बँकांसाठी अर्ज मागवले. टाटा, अंबानी, बिर्ला यांच्या नावांच्या गर्दीत एक अर्ज टपाल विभागाचा होता. पोस्टाला पूर्ण बँक व्हायचं होतं, कर्ज देणारी बँक. बिमल जालान यांच्या समितीने अर्ज तपासले आणि एप्रिल २०१४ मध्ये परवाने दोघांनाच मिळाले, आयडीएफसी आणि बंधन. पोस्टाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सरकारशी स्वतंत्र सल्लामसलत करावी, असं समितीने सुचवलं. त्याच काळात नचिकेत मोर समितीचा अहवाल आला होता. पैसे ठेवणं आणि पाठवणं हे काम कर्ज देण्याच्या कामापासून वेगळं काढावं, म्हणजे धोका कमी होईल आणि गरिबांपर्यंत लवकर पोचता येईल, असा तिचा विचार होता. त्यातून ‘पेमेंट्स बँक’ हा प्रकार जन्माला आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचे नियम आले. पुढच्याच महिन्यात टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या कार्यगटानेही पोस्टाच्या बँकेची शिफारस केली. ऑगस्ट २०१५ मध्ये ११ जणांना तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि त्यांत टपाल विभाग होता.

म्हणजे पोस्टाने पूर्ण जेवण मागितलं आणि त्याच्या ताटात निम्मं वाढलं गेलं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही सरकारी मालकीची कंपनी ऑगस्ट २०१६ मध्ये स्थापन झाली. जानेवारी २०१७ मध्ये तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळाला आणि त्याच महिन्यात रायपूर-रांचीत प्रयोग सुरू झाला. १ सप्टेंबर २०१८ ला ती देशभर ६५० शाखांनिशी उघडली. साधारण जिल्ह्याला एक शाखा आणि खाली हजारो डाकघरं, अशी मांडणी झाली.

पेमेंट्स बँकेचे नियम वाचले की तिचा स्वभाव कळतो. एका खातेदाराच्या खात्यात दिवसाअखेर एक लाखापेक्षा जास्त शिल्लक नको. ही मर्यादा एप्रिल २०२१ मध्ये दोन लाख झाली. मुदत ठेव घ्यायची नाही. क्रेडिट कार्ड द्यायचं नाही. कर्ज द्यायचं नाही, कुणालाही, कितीही छोटं. जमलेल्या ठेवींपैकी किमान ७५ टक्के रक्कम एका वर्षाच्या आत मुदत संपणाऱ्या सरकारी रोख्यांत आणि ट्रेझरी बिलांत, उरलेली जास्तीत जास्त २५ टक्के दुसऱ्या बँकांत. किमान २५ टक्के सेवाकेंद्रं खेड्यांत हवीत. ही शेवटची अट पोस्टासाठी हसत पाळण्याजोगी होती.

या नियमांचा एक परिणाम लगेच दिसतो. सरकारी रोख्यांवर मिळणाऱ्या व्याजातून खर्च भागवायचा, तर खातेदाराला व्याज फार देता येत नाही. सुरुवातीला या बँकेने ४ टक्के दिले, पुढे दर बराच खाली आला. जुन्या बचत खात्यावर मात्र ४ टक्के कायम राहिले. म्हणजे एकाच खिडकीत एका पासबुकावर जास्त व्याज आणि दुसऱ्यावर कमी. गावातल्या माणसाला हा फरक समजावून सांगताना पोस्टमास्तरांची दमछाक होते. यावर तोड म्हणून दोन्ही खाती एकमेकांना जोडायची सोय झाली. नव्या खात्यात मर्यादेपलीकडे रक्कम जमली की जादा पैसे आपोआप जुन्या बचत खात्यात जातात. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेवर अर्थमंत्रालयाच्या कायद्याने काढलेला हा मार्ग कायदेशीर आहे आणि शहाणपणाचाही.

बाकीच्यांचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. मंजुरी मिळालेल्या अकरांपैकी तिघांनी २०१६ मध्येच माघार घेतली. आदित्य बिर्ला-आयडियाच्या बँकेने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. पेटीएम पेमेंट्स बँकेला रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ पासून नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. कर्ज न देता फक्त व्यवहारांच्या कमिशनवर बँक चालवणं किती अवघड आहे, ते यावरून कळतं. पोस्टाची बँक तगली, कारण तिच्या मागे तयार इमारती, तयार माणसं आणि सरकारचं भांडवल होतं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते पाहू. शाखा डाकघर म्हणजे बहुतेक ठिकाणी शाखा डाकपालाच्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण डाकसेवकाच्या, घरातली किंवा भाड्याची एक खोली. ही जागा त्यानेच द्यायची, असा नियमच आहे. त्याच्याकडे मोबाइल असतो आणि त्याला वायरने जोडलेलं काडेपेटीएवढं अंगठ्याचं मशीन. समोर बसलेल्या आजीचं खातं स्टेट बँकेत असो की ग्रामीण बँकेत, फरक पडत नाही. तो तिचा आधार क्रमांक टाकतो, बँकेचं नाव निवडतो, रक्कम टाकतो आणि मशीन पुढे करतो. आजी अंगठा ठेवते. मशीन लाल होतं. पुन्हा ठेवते. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, शेणसारवण केलेल्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. डाकसेवक ओल्या फडक्याने बोट पुसायला सांगतो, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. कधी तिसऱ्या फेरीत व्यवहार होतो, कधी ‘उद्या या’ म्हणावं लागतं. २०२५ मध्ये या बँकेने चेहरा पाहून ओळख पटवण्याची सोय आणली, ती या बोटांसाठी मोठा दिलासा आहे.

आधारवर चालणाऱ्या या सेवेतून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. इथेही नियमांचं चक्र फिरत असतं. आजीची बँक पोस्टाच्या बँकेला या व्यवहाराबद्दल रकमेच्या अर्धा टक्का देते, पण १५ रुपयांहून जास्त नाही. त्यातला वाटा झिरपत डाकसेवकापर्यंत येतो. हजार रुपये काढून द्यायला पंधरा-वीस मिनिटं गेली, दोनदा रेंज गेली, तरी मोबदला काही रुपयांचाच. हा दर ठरवणारे लोक परतूरपासून फार लांब बसतात.

शिवाय नोटा लागतात. शाखा डाकघरात किती रोख ठेवायची, याच्या किमान-कमाल मर्यादा ठरलेल्या असतात. जास्त लागली तर वरच्या डाकघराकडे मागणी करायची आणि टपालाच्या पिशवीबरोबर ती येते. जुन्या बचत खात्यातून शाखा डाकघरात दिवसाला ५,००० रुपयेच काढता येत असत. २०२१ मध्ये ही मर्यादा २०,००० झाली. हप्ता जमा झालेल्या दिवशी पन्नास बायका आल्या आणि प्रत्येकीने पंधराशे मागितले, तर ७५,००० रुपये हवेत. तिजोरीत तेवढे नसतील, तर मशीन कितीही नवं असो, काम थांबतं.

या सगळ्याचा भार ज्याच्या खांद्यावर आहे, तो ग्रामीण डाकसेवक नियमाच्या भाषेत पूर्ण सरकारी नोकर नाही. त्याच्या कामाची वेळ दिवसाला चार किंवा पाच तासांची मोजली जाते, उत्पन्नाचं दुसरं साधन असावं अशी अपेक्षा असते आणि नियमित कर्मचाऱ्याचं वेतन-पेन्शन त्याला नाही. त्यांच्या मोबदल्याविषयीच्या कमलेशचंद्र समितीच्या अहवालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून मे २०१८ मध्ये देशभरातले डाकसेवक संपावर गेले. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि शाखा डाकपालाचा मूळ भत्ता चार तासांना १२,००० आणि पाच तासांना १४,५०० रुपये झाला. तीनच महिन्यांनी याच माणसांच्या हाती देशातली सर्वांत पसरलेली बँक सोपवली गेली. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, जनधन खात्यातले पाचशे रुपये घराच्या दारात नेऊन देणारे हेच होते. त्यांची गणना आजही ‘अर्धवेळ’ कामात व्हावी, हा उघड अन्याय आहे.

इथपर्यंत पोस्टाने दिलेलं सगळं मोलाचं आहे. पैसे सुरक्षित ठेवता येतात, दारात काढता येतात, पाठवता येतात. मे २०२२ पासून जुन्या बचत खात्यातही एनईएफटी-आरटीजीएसने पैसे पाठवण्याची सोय आली. अपघात विमा मिळतो, पेन्शनवाल्या आजोबांचा हयातीचा दाखला घरी बसून निघतो.

पण मृग लागतो आणि परतूरच्या शेतकऱ्याला कपाशीचं बियाणं हवं असतं, तेव्हा पोस्टाची खिडकी गप्प होते. बियाणं, खत, फवारणी यासाठी लागणारा पैसा त्याला सोसायटीकडून, जिल्हा बँकेकडून किंवा एखाद्या व्यापारी बँकेच्या शाखेकडून मिळवावा लागतो. जुनं कर्ज थकलेलं असेल तर तिथेही दार बंद. मग कृषी सेवा केंद्राची उधारी, सराफाकडे दागिना किंवा खासगी सावकार. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि सहा महिने त्या उचलीत बांधलं जातं. गरिबाला बँक हवी असते ती बहुतेकदा अशा वेळी, आणि देशातल्या सर्वांत जवळच्या बँकेला नेमकं तेच काम मनाई आहे.

जुन्या बँकेत कर्जाची एक छोटी फट आहे. आरडीचे बारा हप्ते भरले आणि वर्ष पूर्ण झालं की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत उचल मिळते, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. स्वतःच्याच पैशावर घेतलेलं कर्ज ते. तरीही महिन्याला पाचशेची आरडी चालवणाऱ्या बाईला अडीनडीला तीन हजार हाती येतात, आणि या सोयीची माहिती फार कमी जणींना असते.

जगातल्या इतर देशांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं शोधली. चीनमध्ये पोस्ट वर्षानुवर्षं फक्त ठेवी गोळा करून मध्यवर्ती बँकेकडे ठेवत असे. खेड्यातला पैसा खेड्यात परतत नाही, ही तक्रार तिथेही होती. २००७ मध्ये त्या व्यवस्थेची रीतसर बँक झाली आणि तिने ग्रामीण भागात छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. जपानने उलट टोक गाठलं. तिथल्या पोस्टाच्या बँकेकडे प्रचंड ठेवी आहेत, पण खासगी बँकांना धास्ती वाटू नये म्हणून प्रत्येक खातेदाराच्या ठेवींवर कायद्याने मर्यादा आहे. ब्राझीलचा मार्ग वेगळा. तिथल्या पोस्टाने स्वतः बँक होण्याऐवजी ब्राडेस्को या बँकेशी करार केला आणि २००२ पासून डाकघरं तिची प्रतिनिधी बनली. बँकेची शाखा कधीच न पाहिलेल्या गावांत त्या कराराने खाती पोचली.

भारतात पोस्टाने कर्ज द्यावं का, यावर दोन्ही बाजूंनी खरं बोलणारी माणसं आहेत. कर्ज बुडतं, बुडालेलं कर्ज निवडणुकीआधी माफ होतं, आणि ते ओझं अखेर ठेवीदारावर किंवा करदात्यावर येतं, ही भीती पोकळ नाही. महाराष्ट्रातल्या किती जिल्हा बँका या वाटेने खचल्या, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पोस्टाचं मुद्दल आजवर बुडालेलं नाही, याचं एक कारण त्याला कर्ज देताच येत नाही, हेही आहे. चार तासांच्या भत्त्यावर काम करणाऱ्या डाकपालाकडून कर्जदाराची पारख आणि वसुली यांची अपेक्षा करणंही बरं नव्हे.

तरी मधला रस्ता नियमांतच आहे. पाच वर्षं काम केलेल्या पेमेंट्स बँकेला स्मॉल फायनान्स बँक होण्यासाठी अर्ज करता येतो. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१९ च्या नियमांनी ते दार उघडलं आहे. स्मॉल फायनान्स बँकेच्या कर्जांपैकी निदान निम्मी २५ लाखांच्या आतली असावी लागतात. आणि त्याहून सोपी वाट जानेवारी २००६ पासून मोकळी आहे. बँकांना आपले व्यवसाय प्रतिनिधी म्हणून डाकघरं नेमता येतील, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पोस्टाच्या बँकेने या धर्तीवर २०२१ मध्ये गृहकर्जांसाठी एचडीएफसी आणि एलआयसी हाउसिंगशी करार केलेही. घरबांधणीचं कर्ज बहुतेक शहरातल्या पगारदाराचं असतं. परतूर तालुक्यातल्या माणसाची गरज वीस-पंचवीस हजारांच्या पीककर्जाची किंवा शिलाई मशीनच्या कर्जाची आहे. मराठवाडाभर शाखा असलेल्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेने अशाच करारावर डाकसेवकांकडून अर्ज आणि कागदपत्रं घेतली, आरडीचे पाच वर्षं न चुकता भरलेले हप्ते कर्जदाराच्या चांगल्या सवयीचा पुरावा मानले, तर संसदेत नवा कायदा करायची गरज नाही. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार आणि बुडण्याची जोखीम बँकेकडे राहील, पोस्टाची ठेव सुरक्षित राहील आणि डाकसेवकाला प्रत्येक अर्जामागे ठरलेला मोबदला मिळेल. तो किती असावा, हे ठरवताना गावात एका अर्जासाठी सातबारा, आठ-अ आणि आधार गोळा करायला किती फेऱ्या होतात, ते आधी मोजलं पाहिजे.